सात मशिनं, एक किडा : फॉरमॅट न मारता निघेल का?

फ्लेक्सवाला
११ एप्रिल २००९, रात्री ११:५०

मंडळी, नमस्कार. एरवी इथं नुसता वाचत बसतो, आज गळ्याशी आलंय म्हणून धागा काढला.

सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आमचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. सात मशिनं. सहांवर एक्सपी प्रोफेशनल, सर्व्हिस पॅक २. सातवं कोपऱ्यातलं विंडोज ९८, त्याला जुना कटिंग प्लॉटर जोडलाय. सगळी एका आठ पोर्टच्या नेटवर्क स्विचवर, नेट एकच.

होळीपासून नाटक चालू आहे. नेट रांगतंय. अँटिव्हायरस अपडेट होत नाही. मायक्रोसॉफ्टची साईट उघडत नाही, अँटिव्हायरसवाल्यांची एकही उघडत नाही, क्रिकेटचा स्कोर मात्र बिनबोभाट दिसतो. लपलेल्या फायली दाखव म्हणून खूण केली, ओके म्हटलं, परत जाऊन बघावं तर खूण गायब. पेनड्राईव्ह लावला की जी खिडकी येते तिच्यात 'ओपन फोल्डर टू व्ह्यू फाईल्स' दोनदा दिसतं, एक वर आणि एक खाली. वरच्यावर आजवर किती वेळा दाबलं असेल देव जाणे. सेफ मोडला जायला गेलो तर निळा पडदा येतो आणि मशीन परत पहिल्यापासून.

मागच्या रविवारी एका पोराला बोलावून तीन नंबरचं मशीन फॉरमॅट करून घेतलं. तीनशे रुपये दिले. सोमवारी संध्याकाळी त्याच्यावर परत तेच.

बाकीची फॉरमॅट करायची माझी तयारी नाही. श्रीलिपी, कोरल, दहा वर्षांच्या पत्रिकांची डिझाईनं, प्लॉटरचं सॉफ्टवेअर ज्याची सीडी कधीच हरवली. त्यात १४ एप्रिलची जयंती, पाठोपाठ निवडणूक, वर लग्नसराई. दिवसाला चाळीस-पन्नास पेनड्राईव्ह येतात. हातानं काढता येईल का हे? लय वैतागलोय.

नाना_नाशिककर
१२ एप्रिल, सकाळी ७:१५

फॉरमॅट. सहाही. एका रात्रीत. दाढ किडली तर उपटायची, किडा चिमट्यानं काढत बसायचं नाही.

चहाबाज
१२ एप्रिल, सकाळी ९:०२

नाना, त्यांनी एक दाढ उपटली होती की. नवी आली ती किडकीच आली.

तारतंत्री
१२ एप्रिल, सकाळी १०:३०

लक्षणं वाचून नव्वद टक्के खात्री आहे : कॉनफिकर. याचीच दुसरी नावं डाउनअडप आणि किडो. पुण्यात आमच्या ऑफिसात जानेवारीत यानं तीन रात्री जागवल्या आहेत, त्यामुळे ओळख जुनी आहे.

खात्रीसाठी तीन गोष्टी बघून सांगा. (कमांड मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थातच इंग्रजीत टाईप करा.)

कमांड प्रॉम्प्टवर 'नेट स्टॉप डीएनएसकॅश' द्या आणि मग मायक्रोसॉफ्टची साईट उघडून बघा. हा किडा नावावरून पत्ता शोधायच्या यंत्रणेत शिरून बसतो. साईटच्या नावात ठरावीक शब्द दिसले की 'सापडत नाही' म्हणतो. मायक्रोसॉफ्ट, सिमँटेक, मॅकॅफी, कॅस्परस्की तर आहेतच, पण यादीत आपल्या पुण्याची क्विकहील आणि चेन्नईची के-सेव्हनसुद्धा आहे. नुसता 'व्हायरस' हा शब्दही आहे. ती सर्व्हिस थांबवली की पुष्कळदा साईट उघडते, दर वेळी नाही.

दुसरं, सी ड्राईव्हच्या विंडोज फोल्डरात टास्क्स बघा. 'एटी१', 'एटी२' अशी कामं तिथं आपोआप लागली आहेत का?

तिसरं, पेनड्राईव्हवरची ऑटोरन फाईल (पेनड्राईव्ह लावला की काय चालवायचं ते विंडोजला सांगणारी) नोटपॅडात उघडा. साधी ऑटोरन चार ओळींची असते. याची पन्नास-साठ केबीची निघेल, सगळा कचरा, आणि त्या कचऱ्यात मध्येच 'रीसायकलर' आणि 'एस-५-३-४२'नं सुरू होणारं लांबलचक फोल्डर. विंडोजच्या खऱ्या कचरापेटीचं नाव 'एस-१-५'नं सुरू होतं. चोरानं नावाची पाटी लावली, पण आकडे उलटे लावले.

फ्लेक्सवाला
१२ एप्रिल, दुपारी ३:४०

दादा, तिन्ही सापडलं. एस-५-३-४२ आहे. दोन नंबरवर एटी१ ते एटी९ आहेत. नेट स्टॉपनं दोन नंबरवर साईट उघडली, एक आणि चारवर नाही.

अजून एक. एक नंबरवर ऑटोरन्स नावाचा प्रोग्रॅम (विंडोजबरोबर काय काय सुरू होतं ते दाखवणारा) सीडीवरून चालवायला गेलो तर उघडतो आणि डोळ्यांदेखत बंद होतो. दोन नंबरवर व्यवस्थित चालतो.

तारतंत्री
१२ एप्रिल, दुपारी ४:२०

म्हणजे तुमच्याकडे एकाच किड्याच्या दोन पिढ्या आहेत. दोन नंबरवर डिसेंबरातली, जी पेनड्राईव्हवरूनही पसरते आणि तारेवरूनही. एक आणि चारवर तीच मार्चमध्ये 'अपडेट' होऊन बसली आहे. मार्चवाली स्वतः पसरत नाही, पण फार हुशार आहे. सेफ मोडची रजिस्ट्रीतली (म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीतली) पूर्ण नोंद उडवते, आणि नावात ठरावीक अक्षरं असलेला प्रोग्रॅम दिसला की मारते. ऑटोरन्स, प्रोसेक्सपी, वायरशार्क, किडो, एमआरटी, आणि मायक्रोसॉफ्टनं यासाठी काढलेल्या दुरुस्तीच्या, म्हणजे पॅचच्या, फाईलच्या नावातलं केबी९५८ हेसुद्धा. नाव बदला की चालेल.

तीन नंबर फॉरमॅट करूनही का आलं, ते आता कळेल. एक्सपी एसपी२ च्या सीडीत पॅच नाही. पोरानं विंडोज टाकलं, केबल लावलेलीच होती. पॅच उतरवण्याआधीच शेजारच्या मशिनीवरून किडा आत.

संगणककाकू
१२ एप्रिल, संध्या. ६:१०

अगदी बरोबर. आमच्या एमएस-सीआयटीच्या लॅबमध्ये वीस मशिनं, मी वीसच्या वीस दोनदा फॉरमॅट केली. दुसऱ्यांदा रडायची बाकी होते. विसाव्या मशिनीला विंडोज चढेपर्यंत पहिलं पुन्हा आजारी! शेवटी कळलं की सगळ्यांचा ॲडमिनचा पासवर्ड एकच होता, ॲडमिन१२३. किड्याबरोबर सोप्या पासवर्डांची यादी येते आणि त्यात तो आहे म्हणे. मेल्याला माझा पासवर्ड माझ्या विद्यार्थ्यांच्या आधी कळला.

नाना_नाशिककर
१२ एप्रिल, संध्या. ७:००

ते सगळं ठीक, पण एक एप्रिलला जग बुडणार होतं ना यानं? चॅनेलवाले कोकलत होते. काय झालं? काही नाही.

तारतंत्री
१२ एप्रिल, रात्री ८:४५

नाना, बुडणार नव्हतंच. आधीच्या पिढ्या रोज २५० वेबसाईटची नावं स्वतः तयार करायच्या आणि तिथं मालकाचा हुकूम आलाय का बघायच्या. मायक्रोसॉफ्ट, आयकॅन (वेबसाईटच्या नावांचा कारभार बघणारी संस्था) आणि बाकीच्यांनी एकत्र येऊन ती नावं आधीच अडवायला सुरुवात केली. मग मार्चवाल्यानं ठरवलं की १ एप्रिलपासून रोज ५०,००० नावं तयार करायची आणि त्यातली ५०० चाचपायची. एक तारीख ती एवढीच. दार ठोठावायची पद्धत बदलली, दरोडा पडला नाही. पण म्हणून थट्टेवारी नेऊ नका. फ्रान्सच्या नौदलाला जानेवारीत आपलं अंतर्गत नेटवर्क तोडून ठेवावं लागलं होतं. आणि हे लिहिणाऱ्याला पकडून देणाऱ्यास मायक्रोसॉफ्टनं फेब्रुवारीत अडीच लाख डॉलर जाहीर केलेत.

गंमत म्हणजे सगळ्यात पहिली पिढी युक्रेनी कीबोर्ड लावलेल्या मशिनीला हातच लावत नव्हती.

चहाबाज
१२ एप्रिल, रात्री ८:५२

अडीच लाख डॉलर! फ्लेक्सवाले, फ्लेक्सच छापा : 'आपण यांना पाहिलंत का?'

अवांतर : इंग्रजीत किड्याला वर्म म्हणतात आणि मराठीत वर्म म्हणजे नेमकी दुखरी जागा. हा किडा वर्मावरच बोट ठेवतो, म्हणजे नाव दोन्ही भाषांत चपखल. हलकं घ्या.

फ्लेक्सवाला
१२ एप्रिल, रात्री ९:३०

हसू येतंय पण रडतोय. दादा, क्रम सांगा. १४ तारखेचे फ्लेक्स उद्या रात्रीपर्यंत द्यायचेत, मंगळवारी रात्री दुकान बंद करून बसतो. आमच्याकडे भारनियमन आहे, रात्री दीडला लाईट जाते, इन्व्हर्टरवर दोनच मशिनं चालतात. त्या हिशेबानं सांगा.

तारतंत्री
१३ एप्रिल, रात्री १२:२५

बसा, लांबण आहे.

आधी वर्म समजून घ्या (चहाबाज, आभार). विंडोजमध्ये फायली आणि प्रिंटर शेअर करणारी 'सर्व्हर' नावाची सर्व्हिस असते. तिच्यात एक भोक होतं. ४४५ नंबरच्या पोर्टवर वाकडी विनंती पाठवली की समोरच्याचा प्रोग्रॅम तुमच्या मशिनीवर चालायचा, पासवर्ड न विचारता. मायक्रोसॉफ्टचे पॅच एरवी महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. या एकासाठी त्यांनी थांबायचं नाही असं ठरवलं आणि २३ ऑक्टोबर २००८ ला मध्येच काढला. किडा आला नोव्हेंबरात. म्हणजे औषध आधी आलं, रोग नंतर. आपण घेतलं नाही एवढंच.

त्यामुळे पहिलं काम रजिस्ट्री नाही, स्विच. सगळ्या केबली उपटा. एकही जोडलेली नको, पाच मिनिटांसाठीसुद्धा नको. याच्यापुढे सगळं एकेका मशिनीवर, सुटं.

लागणाऱ्या गोष्टी दुसरीकडच्या चांगल्या मशिनीवरून उतरवून सीडीवर जाळून आणा. पेनड्राईव्हवर नाही. सीडीवर किड्याला लिहिता येत नाही. त्यात पॅच केबी९५८६४४ हवा, ऑटोरनचा पॅच केबी९६७७१५ हवा, आणि शेवटी पडताळणीला कॅस्परस्कीचं केके किंवा मायक्रोसॉफ्टचं एमआरटी. तिन्हींची नावं जाळायच्या आधी बदला. चकली, शंकरपाळी, काहीही ठेवा.

मशीन चालू केलं की 'एटी /डिलीट /येस' देऊन वेळ लावलेली सगळी कामं उडवा. 'सर्व्हर' आणि 'टास्क शेड्यूलर' या दोन सर्व्हिस थांबवा. मग चकली चालवा, म्हणजे पॅच. मग पासवर्ड बदला, ॲडमिनिस्ट्रेटरसकट, आणि प्रत्येक मशिनीला वेगळा.

आता रजिस्ट्री. आधी प्रत काढून ठेवा, चुकलात तर परत येता येईल. एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, एसव्हीसीहोस्ट असं उतरत जा. उजवीकडे 'नेटएसव्हीसीज' आहे, ती उघडा. चाळीसेक नावांची यादी दिसेल. ही सर्व्हिसांची वरात आहे आणि किडा तिच्यात वऱ्हाडी बनून घुसलाय. यादीच्या अगदी तळाला निरर्थक अक्षरांचं नाव असेल. ते कागदावर लिहून घ्या आणि यादीतली ती ओळ खोडा. फक्त ती.

मग सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस इथं त्याच नावाची की (रजिस्ट्रीतला कप्पा) शोधा. उघडली तर रिकामी दिसेल, कारण वाचायची परवानगी यानं काढून घेतलेली असते. उजवं बटण, परमिशन्स, ॲडव्हान्स्ड, वरच्याकडून वारसा घे आणि खालच्या सगळ्यांना लाव, या दोन्हीवर खूण. एफ५ दाबा. आता पॅरामीटर्समध्ये 'सर्व्हिसडीएलएल' दिसेल, तिच्यात सिस्टीम३२ मधल्या एका फाईलचा पत्ता. तोही कागदावर. मग त्या पत्त्याच्या शेवटचं डीएलएल खोडून ओल्ड करा. फाईल आत्ता चालू आहे, पुसता येणार नाही. पत्ता चुकवला की पुढच्या वेळी विंडोजला ती सापडणारच नाही. 'रन'च्या दोन्ही की बघा, तिथं रनडीएलएल३२ नं त्याच फाईलला हाक मारणारी ओळ असेल तर खोडा.

मशीन बंद करून चालू. आता ती फाईल पुसायची. लपलेली, सिस्टीम, फक्त वाचायची, तिन्ही शिक्के तिच्यावर असतील. 'ॲट्रिब' लावून काढा. तारखेवरून शोधू नका, तारीख कर्नेल३२ ची चोरलेली असते, म्हणजे विंडोजइतकीच जुनी दिसते. पुसताना 'ॲक्सेस डिनाइड' आलं तर प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीच्या पानावर जाऊन मालकी घ्या. एक्सपीत ते पान दिसत नसेल तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'सिंपल फाईल शेअरिंग' बंद करा, दिसेल.

मग शंकरपाळी वगैरे चालवा, बंद पाडलेल्या सर्व्हिस चालू करा : ऑटोमॅटिक अपडेट, बिट्स, सिक्युरिटी सेंटर. 'सर्व्हर' आणि 'शेड्यूलर'सुद्धा. सेफ मोडसाठी चांगल्या एसपी२ मशिनीवरून 'सेफबूट'ची की एक्स्पोर्ट करून आणावी लागेल. सिस्टीम रिस्टोअरवर भरवसा ठेवू नका, जुने रिस्टोअर पॉइंट यानं पुसलेले असतात.

सहाही होईपर्यंत केबल नाही. सहावं होईपर्यंत पहिलंही नाही.

नाना_नाशिककर
१३ एप्रिल, सकाळी ६:५०

एवढ्या वेळात मी सहा मशिनं फॉरमॅट करून द्राक्षं विकून आलो असतो. पण वाचलं सगळं. बुकमार्क केलंय.

संगणककाकू
१३ एप्रिल, सकाळी ११:००

+१. सेफबूटची की मी देते, माझ्याकडे एसपी२ ची धुतलेली मशिनं आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.

फ्लेक्सवाला
१५ एप्रिल, पहाटे ४:१५

अजून झोपलो नाही. हकीकत सांगतो.

दोन आणि तीन नंबरवरचा किडा गेला. यादीच्या तळाला 'क्यूझेडबीएमडब्ल्यू' असलं काहीतरी होतं. पकडलं, खोडलं, फाईल मेली. त्या आनंदात चहा केला.

एक, चार, पाच मात्र अडलंय. तळाला असलं काही नाहीच. सगळी नावं साधी, शहाण्यासारखी. वरून खालून चारदा वाचली. मग लाईट गेली. इन्व्हर्टरवर एक नंबर चालू ठेवून बसलोय.

सहा नंबर झालं, पण फाईल पुसताना ॲक्सेस डिनाइड आलं. तुम्ही सांगितलं तसं सिंपल शेअरिंग बंद केलं, मालकी घेतली, मग मेली.

तारतंत्री
१५ एप्रिल, सकाळी ८:००

हे सांगायचं राहिलं, माफ करा. तळाला अगम्य नाव ही जुन्या पिढीची सवय. मार्चवाली पिढी यादीत कुठेही बसते आणि नावही विंडोजच्याच तुकड्यांतून जोडते. पुढचा तुकडा 'रास', 'इव्हेंट', 'ऑडिओ', 'लॅनमॅन' असा, मागचा 'एसव्हीसी', 'मॉन', 'एजंट', 'प्रोव्ह' असा. नुसतं वाचून कळणार नाही. चांगल्या मशिनीच्या यादीशी ताडून बघावं लागतं. काकू, तुमची यादी टाकाल का?

संगणककाकू
१५ एप्रिल, सकाळी ९:२०

माझ्या मशिनीवरची ई ते एन एवढीच इथं टाकते, पूर्ण यादी व्यनिनं पाठवलीय : ईआरएसव्हीसी, इव्हेंटसिस्टीम, फास्टयूझरस्विचिंगकॉम्पॅटिबिलिटी, हिडसर्व्ह, आयएएस, आयप्रिप, इरमॉन, लॅनमॅनसर्व्हर, लॅनमॅनवर्कस्टेशन, मेसेंजर, नेटमॅन, एनएलए, एनटीएमएसएसव्हीसी…

कागदावर उतरवून एकेका नावावर पेन्सिलीनं टिक करा. लग्नात आहेर लिहून घेतात तसं. ज्याच्यासमोर टिक नाही तो बिनबोलावलेला. पण एखादं जादा नाव दिसलं म्हणून लगेच उडवू नका हो, तुमच्या प्लॉटरचं किंवा प्रिंटरचंही काही तिथं असू शकतं. आधी त्याची की उघडते का बघा.

फ्लेक्सवाला
१५ एप्रिल, दुपारी १:०५

सापडला!! इव्हेंटसिस्टीमच्या चार ओळी खाली 'इव्हेंटमॉन'. पहाटे मी याच्यावरून चारदा नजर फिरवली होती, आणि इव्हेंट दिसलं म्हणून पुढं गेलो होतो. सर्व्हिसेसमध्ये बघितलं तर वर्णनसुद्धा एकदम सरकारी. की उघडली तर रिकामी, परवानगी नाही. तिथंच ओळखलं. चार आणि पाचवर वेगळी नावं निघाली, पण युक्ती तीच.

काकू, पेन्सिलीचा उपाय एक नंबर. आज दुपारी केबली जोडल्या. सहाही साईटी उघडतायत. विंडोज ९८ वालं तर पहिल्यापासून ठणठणीत, त्याला काही कळलंच नाही.

चहाबाज
१५ एप्रिल, दुपारी १:३०

म्हाताऱ्यांना नव्या साथी लागत नाहीत, हे आमची आजी म्हणायचीच.

नाना_नाशिककर
१५ एप्रिल, दुपारी २:१०

प्रतिसाद काढून टाकला आहे.

फ्लेक्सवाला
१९ एप्रिल, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. वाईट बातमी. सहा नंबरवर परत आला.

पॅच टाकलेला आहे, कंट्रोल पॅनेलच्या प्रोग्रॅम जोडा-काढामध्ये जाऊन बघितलं, यादीत दिसतोय. मग आला कसा? दादा, चार रात्री घातल्यात यात.

तारतंत्री
१९ एप्रिल, रात्री १०:४५

तीनच वाटा आहेत : भोक, पेनड्राईव्ह, पासवर्ड. पॅच आहे म्हणजे भोक बंद. टास्क्समध्ये एटी१ आहे का बघा. भोकातून किंवा पेनड्राईव्हवरून आला तर तो आल्या आल्या स्वतःच चालतो, त्याला घड्याळ लावायला लागत नाही. पासवर्ड फोडून आला तर फाईल सिस्टीम३२ मध्ये ठेवतो आणि ती उठवायला एटीचं काम लावून जातो.

आणि केबल उपटा, हे सांगायला नको.

फ्लेक्सवाला
१९ एप्रिल, रात्री ११:१०

एटी१ आहे. काल दुपारची वेळ आहे तिच्यावर.

काल दुपारी काका आले होते. टॅलीचा त्यांचा लॅपटॉप, मोकळ्या पोर्टमध्ये लावून दोन तास हिशेब करत बसले. लॅपटॉप आत्ता उघडून बघितला : तळाला सहा अक्षरांचं निरर्थक नाव. आणि सहा नंबरचा पासवर्ड काकांच्या सोयीसाठी मी बॉस१२३ ठेवला होता. सगळ्यांना वेगळा म्हणालात म्हणून वेगळा ठेवला.

तारतंत्री
१९ एप्रिल, रात्री ११:३५

बॉस१२३ त्या यादीत आहे. खरंच आहे.

पण नुसत्या पासवर्डानं हे झालं नसतं, आणि यात चूक माझी आहे. एक्सपीत सिंपल फाईल शेअरिंग चालू असतं तेव्हा तारेवरून येणाऱ्या प्रत्येकाला विंडोज 'गेस्ट' समजतं. ॲडमिनचा पासवर्ड बरोबर दिला तरी सिस्टीमच्या फोल्डरात लिहू देत नाही. मी तुम्हाला सिक्युरिटीचं पान दिसावं म्हणून ते बंद करायला सांगितलं, आणि काम झालं की परत चालू करा हे सांगितलं नाही. बाकीच्या पाचांवर ते चालूच होतं, म्हणून ती वाचली. फक्त सहावर दार उघडं राहिलं, आणि ते मी उघडायला लावलं.

वरच्या लांब प्रतिसादात हे नाही. कुणी तो बघून काम करणार असेल तर तेवढं वाक्य स्वतः जोडून घ्या : फाईल पुसून झाली की सिंपल शेअरिंग परत चालू.

नाना_नाशिककर
२० एप्रिल, सकाळी ७:०५

चूक कबूल करणारा नेटवर्कवाला आज पहिल्यांदा बघितला. माझं फॉरमॅटचं म्हणणं मी मागे घेतो. अर्धं.

अवांतर : मी पेनड्राईव्हवर 'ऑटोरन डॉट इन्फ' नावाचं रिकामं फोल्डर करून ठेवतो. त्या नावाची फाईल मग बनतच नाही. चालतं का हे?

तारतंत्री
२० एप्रिल, सकाळी ९:३०

बऱ्याच किड्यांवर चालतं. फोल्डर आधी पुसून घेणाराही कुणीतरी येईल. तुमच्या पेनड्राईव्हपुरतं ठीक, पण गिऱ्हाइकाच्या पेनड्राईव्हला तुम्ही काय करणार? म्हणून मशिनीवर ऑटोरनच बंद करायचं. रजिस्ट्रीत 'नोड्राईव्हटाईपऑटोरन' एफएफ करून. एक्सपी तो आकडा नीट पाळत नव्हतं, फेब्रुवारीतला तो केबी९६७७१५ टाकल्यावर पाळतं.

फ्लेक्सवाला
२१ एप्रिल, रात्री ९:५५

लॅपटॉप आणि सहा नंबर, दोन्ही काल रात्री धुतले. लॅपटॉपला जुनीच पिढी होती, अर्ध्या तासात निघाली. सिंपल शेअरिंग परत चालू केलं. काकांना नवा पासवर्ड दिलाय, तो त्यांनी कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवलाय. असू दे, किड्याला कागद वाचता येत नाही.

पेनड्राईव्हसाठी एक केलं. माळ्यावर एक जुनं मशीन पडलं होतं, त्यात हार्डडिस्कही नाही. भाच्यानं उबुंटूची फुकट सीडी मागवली होती, त्याच्यावर ते चालू केलं आणि दारातल्या टेबलावर ठेवलं. वर पाटी : 'जकात नाका'. गिऱ्हाइकाचा पेनड्राईव्ह आधी तिथं. लिनक्सला लपलेलं वगैरे काही कळत नाही, सगळं उघडं दिसतं. रीसायकलरमध्ये एस-५-३-४२ दिसलं की पुसायचं, डिझाईनची फाईल तेवढी सीडीवर घेऊन आत पाठवायची. स्विचला जोडलेलं नाही ते.

आज दिवसभरात एकतीस पेनड्राईव्ह आले, नऊ किडके निघाले. त्यातला एक उमेदवाराच्या माणसाचा. त्याच्यासमोरच पुसत होतो तर तो म्हणाला, आमच्या फायली कशाला डिलीट करता, विरोधकांचे आहात का? समजावून सांगता सांगता नाकी नऊ आले.

चहाबाज
२१ एप्रिल, रात्री १०:०८

आणि विरोधकाचा पेनड्राईव्ह कसा निघाला?

फ्लेक्सवाला
२१ एप्रिल, रात्री १०:१५

त्याच्यावर पण तोच होता. दोघं आमच्याकडेच येतात ना छापायला.